उसनी कळ

ही गोष्ट इंदुमती चौगुले यांच्या डाव्या पायाची आहे. पहिला दीड महिना मात्र ती अण्णाप्पा मगदूम यांच्या उजव्या पायाची आहे असं सगळ्यांना वाटत होतं. सगळ्यात जास्त अण्णाप्पांना वाटत होतं.

अण्णाप्पा मिरजेचे. एसटीचे निवृत्त चालक. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, त्याआधीच्या शेवटच्या तुकडीतले. आता एसटीत पुढच्या सीटवर ‘मार्गमित्र’ नावाचा एक इसम बसतो. त्याला गाडी चालवायची नसते, गाडी नीट चाललीय यावर विश्वास ठेवायचा असतो. अण्णाप्पांच्या मते हे काम जास्त अवघड, आणि त्याला भत्ता जास्त मिळतो तो योग्यच आहे.

बायको वारल्यापासून ते एकटे राहत. एका सकाळी पाण्याचा जार उचलायला वाकले आणि कमरेत ‘कट्’ असा आवाज झाला. तो शेजाऱ्यांनीही ऐकला, असा त्यांचा दावा होता. त्या क्षणापासून उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागनं, पोटरीवरनं, थेट पायाच्या करंगळीपर्यंत कुणीतरी जिवंत वायर ओढून ठेवली. बसलं की करंट, शिंकलं की करंट. म्हणून अण्णाप्पांनी बसणं बंद केलं. पेपर उभ्यानं, जेवण उभ्यानं. टीव्हीसमोर तर असे अदबीनं उभे राहायचे की बातम्या देणाऱ्या मुलीलाच अवघडल्यासारखं व्हावं.

इचलकरंजीहून त्यांची मुलगी अक्षता आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि अडकली. बापाचं दुखणं तिला दिसत फारसं नव्हतं, पण ऐकू भरपूर येत होतं. अण्णाप्पा नुसतं ‘दुखतंय’ म्हणून थांबणाऱ्यांतले नव्हते. सकाळी ठणका, चालताना चमक, शिंकेला कळ, दुपारी मुंग्या, संध्याकाळी तिडीक आणि झोपताना ‘आत काहीतरी शिजतंय’ अशी त्यांनी दिवसाची विभागणीच केली होती. मराठी भाषेवर या माणसाचा एवढा हात आहे हे पगार देणाऱ्या एसटी महामंडळाला कधी कळलं नाही.

“अण्णा, खरंच एवढं दुखतंय?” अक्षतानं एकदा विचारलं.

“एवढं म्हणजे? मी कमी करून सांगतोय.”

अण्णांना दाढेचं इंजेक्शन दिलं होतं तेव्हा खालच्या मजल्यावरचे पेशंट निघून गेले होते, हे अक्षताला आठवत होतं. घरात त्यांची पत फार नव्हती.

मिरजेत ज्याला डॉक्टर सापडत नाही त्यानं आजारी पडण्याचा नाद सोडावा. अण्णाप्पांना शिरांच्या डॉक्टर नाझनीन शिकलगार सापडल्या. पन्नाशीच्या, शांत, आणि पेशंट ओरडत असताना स्वतःचा चहा न विसरणाऱ्या.

“ऑपरेशन करून टाका,” अण्णाप्पा दारातूनच म्हणाले. “मी तयारीनं आलोय. उपाशी आहे.”

“आधी टेबलावर झोपा,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पाय वर उचलला, अण्णाप्पांनी छत डोक्यावर घेतलं. मग त्यांनी अंगठा दाबायला सांगितला, चवड्यावर उभं केलं, टाचेवर उभं केलं, लघवी नीट होते ना हे हळूच विचारलं, आणि समाधानानं चहाचा घोट घेतला.

“अण्णा, तुमचा पाय ठणठणीत आहे.”

“काय?”

“बोंब पायात आहे, भानगड कमरेत. अंगातली सगळ्यात जाड शीर ही. करंगळीएवढी जाड. कमरेतून पाच मुळं निघतात, कुल्ल्यात एकत्र येतात, आणि तिथनं ती शीर पार तळव्यापर्यंत जाते. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तुमच्या गादीला चीर पडून आतला गर बाहेर आलाय आणि एका मुळावर बसलाय. मूळ चिडलंय. आता मेंदूला काय कळतं? ही तार पायाकडनं येते, म्हणजे पायालाच काहीतरी झालंय. सांगलीत फोन बिघडला आणि तक्रार कोल्हापूरच्या नावानं गेली, तसं.”

“मग गर काढा.”

“त्याला तुमचं शरीरच खाऊन टाकेल. दहातल्या नऊ जणांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. चालत राहायचं, व्यायाम, गोळ्या, लागलं तर एक इंजेक्शन. पायातला जोर शाबूत आहे तोवर सुरी नको.”

“आणि मी त्या दहाव्यातला असलो तर?”

हा प्रश्न मात्र खरा होता. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

शिरेच्या दुखण्यात हीच तर अडचण होती. मणक्याची चित्रं पूर्वीपासून निघत. पण रस्त्यावरची शंभर धडधाकट माणसं धरून त्यांची चित्रं काढली, तर त्यांतल्या बऱ्याच जणांची गादी सरकलेली निघते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. चित्रात गादी दिसते, कळ दिसत नाही. कळ किती, कुठनं कुठं, कशानं वाढते, हे फक्त पेशंट सांगू शकतो, आणि तो बिचारा त्या वेळी ओरडण्यात गुंतलेला असतो. म्हणून गेल्या चार-पाच वर्षांत तो पट्टा आला होता.

शासकीय परिभाषा समितीनं त्याला ‘चेतास्पंद-प्रतिक्षेपक’ असं नाव दिलं होतं आणि लोक त्याला ‘उसना पट्टा’ म्हणत. शिरेतून जाणारा प्रत्येक संदेश म्हणजे विजेची एक बारीक लाट. पेशंटच्या कमरेला आणि पायाला बांधलेला एक पट्टा त्या लाटा कातडीवरूनच टिपतो. तशाच लाटा तो दुसऱ्या पट्ट्याला देतो आणि दुसरा पट्टा त्या दुसऱ्या माणसाच्या निरोगी शिरेत सोडतो. गादी एकाची सरकलेली, कळ दुसऱ्याला. तीही चार-दोन मिनिटं आणि चौथाईनं कमी करून. तो दुसरा माणूस थंड डोक्यानं सांगतो की दुखणं नेमकं कुठल्या वाटेनं जातं, आणि त्यावरून डॉक्टर ठरवतात की मूळ कुठलं, ते नुसतं चिडलंय की मरायला टेकलंय. या दुसऱ्या माणसाला ‘साक्षीदार’ म्हणत.

सुरुवातीला डॉक्टरच पट्टा बांधून घेत. दिवसाला सात पेशंटांची कंबर सोसून एक डॉक्टर शेतीकडे वळले, तेव्हा हे काम नातेवाइकांकडे आलं. मग काही कचेऱ्यांत रजेच्या अर्जासाठी साहेब लोक कारकुनांचा पट्टा बांधून खात्री करू लागले. एका साहेबानं कारकुनाची रजा मंजूर करून स्वतःचाही अर्ज सोबत जोडला.

“माझी मुलगी साक्ष देईल,” अण्णाप्पा म्हणाले. “तिलाच कळू दे.”

पण लाटेला पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ शिरेच्या लांबीवर ठरतो. आखूड पायात लांब पायाची कळ सोडली तर तिचा नुसता गोंगाट होतो. साक्षीदाराचा पाय पेशंटच्या पायाच्या मापाचा हवा. अण्णाप्पा सहा फुटांच्या जवळपास. अक्षता आईवर गेलेली, पाच फुटांत आटोपलेली. जावई सुजय बरा उंच, पण सगळी उंची धडात. शेजारचे कुंभोजकर मापात बसले, पण मापाचं काम कशासाठी चाललंय हे समजल्यावर त्यांना गावाला जावं लागलं.

अक्षता टेप हातात घेऊन विचार करत बसली होती. अचानक म्हणाली, “आमच्या आई.”

“कोण आई?”

“माझ्या सासूबाई! त्यांना पंजाबी ड्रेस शिवताना सलवारीला कापड कमी पडतं नेहमी.”

अण्णाप्पा उभे होते ते आणखी ताठ झाले. “अगं, त्या वरमाई आहेत! विहिणीला बोलावून माझं दुखणं घालायचं त्यांच्या पायात? मानपान काही राहिलाय की नाही?”

अक्षतानं तोवर फोन लावलेला होता.

इंदुमती चौगुले दुसऱ्या दिवशी आल्या. इचलकरंजीत उभा जन्म ब्लाउज शिवण्यात घालवलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. घरी तिघी जणी विजेच्या मशिनवर काम करत, पण त्या स्वतः अजून पायानं चालवायचं मशिन वापरत. आल्या आल्या त्यांनी पायांवर पाणी घेतलं, भाच्याकडून आणलेली केळी ठेवली आणि म्हणाल्या, “पावणं, तब्येत कशी हाय?”

“तुमच्या कृपेनं वाईट,” अण्णाप्पा म्हणाले.

“उभे का? बसा की.”

“बसता आलं असतं तर तुम्हांला त्रास दिला असता का, विहीणबाई?”

दवाखान्यात साक्षीदाराची चौकशी करायला माणूस नव्हता. भिंतीतून एक गोड आवाज येई, त्याला ‘परिचारिका’ म्हणत. “नमस्कार. आपल्या पायांचं काही दुखणं?” तिनं इंदुमतींना विचारलं.

इंदुमतींनी भिंतीकडे बघून पदर सारखा केला. “चालायचंच. वय झालं.”

“धन्यवाद. चालण्यात अडचण नाही, अशी नोंद घेतली आहे,” भिंत म्हणाली.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आत दोन खुर्च्या होत्या. एकीवर इंदुमती बसल्या, दुसरीला धरून अण्णाप्पा उभे राहिले. डॉक्टरांनी दोघांना पट्टे बांधले. “आधी तुमच्या शिरा रिकाम्या आहेत ना, ते पट्टा ऐकून घेतो,” त्या इंदुमतींना म्हणाल्या. “दोन्ही घोट्यांवर टिचकी मारल्यासारखं होईल. झालं?”

“उजव्याला झालं.”

“आणि डाव्याला?”

“डाव्याला केव्हा मारणार?”

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि वायर बदलली. टिचकी पुन्हा गेली. इंदुमती नम्रपणे वाट बघत राहिल्या. “ही वायर पण गेलेली दिसते,” डॉक्टर म्हणाल्या, “असू दे. आपल्याला उजव्याशीच काम आहे.” आणि त्यांनी अण्णाप्पांची कळ सोडली.

इंदुमतींनी खुर्चीचे हात धरले. बाईंचा चेहरा बदलला नाही, पण त्यांच्या डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. “कुल्ल्यातनं निघतंय,” त्या सावकाश म्हणाल्या. “मांडीच्या मागनं. पोटरीच्या बाहेरच्या अंगानं. करंगळीत जाऊन फुटतंय. पावणं, जरा खोका बघू.”

अण्णाप्पा खोकले.

“अगंबाई!” इंदुमती ओरडल्या, आणि अण्णाप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली कळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकली.

पट्टा बंद झाला. इंदुमतींनी पदरानं डोळे पुसले आणि सुनेकडे वळल्या. “अक्षता, हा माणूस महिना दीड महिना हे घेऊन उभा हाय. आणि तू मला फोनवर सांगितलंस की अण्णा नाटकी हैत?”

अक्षता खाली बघू लागली. ज्यासाठी अण्णाप्पा एवढे दिवस ओरडत होते ते हे होतं, आणि ते मिळाल्यावर ओरडायचं कारणच उरलं नाही. त्यांनी फक्त हात जोडले.

“मूळ चिडलंय, पण त्यात जोर आहे,” डॉक्टर खुशीत म्हणाल्या. “साक्ष एकदम स्वच्छ. ऑपरेशन नाही. एक इंजेक्शन देते आणि रोज चालायचं.”

“म्हणजे मी नापास?” अण्णाप्पा म्हणाले.

सगळे हसले. इंदुमती उठल्या आणि दाराबाहेर पडल्या. अण्णाप्पा मागं राहिले, कारण त्यांना निघायला वेळ लागे, आणि वाकून चालत असल्यामुळे हल्ली त्यांना जमीन फार दिसे. खुर्चीपाशी एक चप्पल पडली होती. डाव्या पायाची.

“विहीणबाई,” त्यांनी हाक मारली, “तुमची चप्पल राहिली.”

“कुठं?” बाहेरून आवाज आला. इंदुमती व्हरांड्यात पार पाण्याच्या टाकीपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय थंडगार फरशीवर अनवाणी होता, आणि ते त्यांना बघूनच कळलं.

डॉक्टर चहा टाकून बाहेर आल्या. “आई, जरा टाचांवर चालून दाखवता?”

इंदुमती टाचांवर चालल्या. उजवं पाऊल वर राहिलं. डावं फट्कन खाली पडलं. फट्, फट्. त्या शांत व्हरांड्यात तो आवाज सगळ्यांनी ऐकला. वायर काही गेलेली नव्हती.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांमागं डावा पाय थोडा दुखला होता. मग आपोआप थांबला. बाईंना बरं वाटलं. मग शिलाई मशिन जड चालायला लागलं, म्हणून त्यांनी त्याचा पट्टा बदलला. पुन्हा जड झालं, तेल घातलं. शेवटी मशिनच नवीन घेतलं, तेही जड निघालं, तेव्हा दुकानदाराशी भांडण झालं होतं.

“भिंतीनं विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“सांगितलं की. म्हटलं, चालायचंच.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हा भिंतीतला आवाज दूर कुठंतरी शिकून आला होता. सगळं मराठी त्याला येत होतं. पण आपल्याकडची बाई ‘चालायचंच’ म्हणते तेव्हा तिला चालता येत नसतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“ऐका,” डॉक्टर खुर्ची ओढून इंदुमतींच्या समोर बसल्या. “अण्णांची शीर बोंब मारते, म्हणजे ती जिवंत आहे. तुमची बोंब मारून मारून गप्प झालीय. कमरेत तिची वाट हाडानं आवळत आणलीय. कळ थांबली म्हणजे बरं झालं असं नसतं. बधिरपणा आणि जोर जाणं, याला मी घाबरते. आता वाट मोकळी केली तर पाऊल परत येण्याची आशा आहे. उशीर केला तर ते असंच लोंबत राहील. आज-उद्याची घाई नाही, पण दिवाळीनंतर बघू असंही नाही. या आठ-दहा दिवसांत ऑपरेशन.”

“बघू घरी जाऊन,” इंदुमती म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं आणि पिशवी भरायला घेतली. अक्षता रडून थकली. सुजयनं इचलकरंजीहून फोनवर आवाज चढवून बघितला, आईनं फोन ठेवला. अण्णाप्पा फ्रिजला टेकून उभे होते.

“विहीणबाई, अडचण काय हाय?”

“अडचण कसली? माझं सगळं चाललंय.”

“डावा अंगठा वर करून दाखवा.”

इंदुमती खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही पाय समोर घेतले. उजवा अंगठा वर आला. डावा आला नाही. त्या बघत राहिल्या. ज्या पायानं हजारो ब्लाउज शिवले, त्याला त्यांनी पुन्हा मनातून हुकूम सोडला. मग ओठ हलवून, अगदी हळू, लहान पोराला उठवावं तसं म्हणाल्या, “ऊठ रे.” अंगठा तसाच.

इंदुमतींनी दोन्ही पाय पदराखाली झाकून घेतले.

“पावणं, मी तुमच्या दुखण्याला आले,” त्या शेवटी म्हणाल्या. “सुनेच्या माहेरी. आणि इथंच खाटेवर पडू? वरमाईनं व्याह्याच्या घरात पडून सेवा करून घ्यायची? आमच्यात असं कुणी केलं नाही. आणि इचलकरंजीला नेलं तर पोरगं धंदा बघणार की मला? तुमच्या पायाकडं बघा तुम्ही. खरं दुखणं तुमचं हाय. मी घेऊन बघितलंय ते.”

अण्णाप्पांना हे वाक्य फार लागलं. एवढे दिवस घरात कुणी त्यांचं दुखणं खरं मानलं नव्हतं. ज्या एकीनं मानलं, ती त्याच कारणानं स्वतःचा पाय घालवायला निघाली होती. माणसानं कृतज्ञ व्हावं तर कसं, हा प्रश्न त्यांना गाडी चालवताना कधी पडला नव्हता. पण अडलेल्या गाडीला बाजूनं वाट काढायची सवय होती.

“अक्षताच्या लग्नात,” ते म्हणाले, “तुम्ही एकदाही रुसला नाहीत.”

“आं?”

“एकदाही नाही. चहा गार आला, रुसला नाहीत. बसायला गादी दिली नाही, रुसला नाहीत. साडी तर आमच्या बहिणीनं असली आणली होती की मीच रुसलो असतो. वरमाई रुसते, मुलीचा बाप पाया पडून रुसवा काढतो, तेव्हा कुठं लग्न पुरं होतं. लोक मला अजून विचारतात, तुझी विहीण रुसली नाही? मी खाली मान घालतो.”

“काय बोलताय तुम्ही, पावणं?”

“तो मान तुमचा बाकी हाय. आता घ्या. रुसा. आणि रुसवा काय केल्यानं जाईल म्हणाल, तर मिरजेत ऑपरेशन केल्यानं, माझ्या घरी राहून, सगळी उठबस माझ्याकडनं. हे पडून राहणं नाही, विहीणबाई. हा मानपान हाय. नाही घेतला तर मी रुसतो. इंजेक्शन घेत नाही. असाच फ्रिजला टेकून मरतो.”

अक्षता रडायची थांबली. इंदुमतींनी पिशवी बाजूला ठेवली. चेहरा तसाच दगडी होता, पण त्या विचार करत होत्या. शेवटी हिशेबी आवाजात म्हणाल्या, “रुसवा काढायचा तर नीट काढावा लागतो.”

“सांगा.”

“दवाखान्यात न्यायला यजमान स्वतः बरोबर पाहिजे. रिक्षात. बसून.”

अण्णाप्पांनी फ्रिजची कड घट्ट धरली. “बसून?”

“आणि वाटेत कण्हायचं नाही. मानाची वरात हाय.”

ती वरात मिरजकरांनी पाहिली असेल. चालक नसलेली पिवळी रिक्षा, आत इंदुमती चौगुले नवं लुगडं नेसून, आणि शेजारी अण्णाप्पा मगदूम. ओठ मिटलेले, डोळे समोर, चेहरा घाटात ब्रेक गेलेल्या चालकाचा. स्पीडब्रेकर आला की ते नुसते ‘वा’ म्हणत. दवाखान्यापर्यंत सगळे ‘वा’ संपले होते.

ऑपरेशन छोटं होतं. बोटभर चिरेतून डॉक्टर शिकलगारांनी आवळलेली वाट मोकळी केली आणि शिरेला जागा करून दिली. “माझं काम झालं,” त्या म्हणाल्या. “आता तिचं काम. शीर महिन्याला इंचभर सुधारते. परत येईलच असं मी लिहून देत नाही.”

इंदुमती मिरजेत राहिल्या. मुलीच्या बापानं वरमाईला सकाळी चहा, दुपारी ताक द्यायचं आणि चार वाजता कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायचं, असा दंडक पडला. डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितलं होतं. एक उजवीकडे झुकून, एक डावं पाऊल आपटत, असे दोघं रोज निघत. कुंभोजकर गावाहून परत आले होते, ते गॅलरीतून बघत.

“पावणं, कसं हाय आज?”

“चमक गेली. नुसता सल राहिलाय. तुमचं?”

“माझं काय, काहीच नाही.”

हे ‘काहीच नाही’ अण्णाप्पांना आता ऐकवत नसे. ते रोज त्या अंगठ्याकडे बघत. अंगठा रोज त्यांच्याकडे बघे.

एका सकाळी ते पेपर वाचत होते आणि दुसऱ्या पानावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण बसलोय. डॉक्टरांनी सांगितलेलं खरं होतं, गर शरीरानं खाऊन टाकला होता. ते उठले, उजव्या पायाकडे बघितलं, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून त्याला वाकून नमस्कार केला. तो पाय ओरडला नसता तर विहीणबाई मिरजेला आल्या नसत्या. आल्या नसत्या तर त्यांनी आणखी दोन मशिनं बदलली असती. ओरडणारं अंग म्हणजे घरातलं शहाणं माणूस, असं त्यांनी अक्षताला सांगितलं. तिनं यावेळी मान डोलावली.

दवाखान्यातल्या भिंतीलाही मराठी नव्यानं शिकवण्यात आलं. आता कुणी ‘चालायचंच’ म्हटलं की तिथं तांबडा दिवा लागतो आणि डॉक्टर धावत येतात. पहिल्या आठवड्यात निम्मा तालुका तपासावा लागला. डॉक्टर शिकलगारांचा चहा त्या दिवसांत कायम गार झाला, पण लोंबणारी सहा पावलं वेळेत सापडली. त्या सहा घरांतून त्यांना मिळून एवढे पेढे आले की ते संपवायला भिंतीला तोंड असतं तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या.

इंदुमती दिवाळीच्या तोंडावर इचलकरंजीला परतल्या. अंगठा जागचा हलला नव्हता. निरोप देताना त्यांनी अण्णाप्पांना सांगितलं, “मान पुरा मिळाला. बाकी देवाच्या हातात.” अण्णाप्पा हसले. मग घरात येऊन बराच वेळ उभे राहिले, बसता येत असूनही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला सकाळी फोन वाजला.

“पावणं!” आवाज इंदुमतींचा होता, पण असा त्यांनी कधी ऐकला नव्हता. “ह्या पायात काय शिरलंय? पहाटेपासनं जीव घेतलाय नुसता!”

अण्णाप्पांच्या हातातली वाटी खाली पडली. “कुठल्या पायात?”

“डाव्या! दुसरा कुठला?”

“दुखतंय? नक्की?”

“मी काय खोटं बोलतेय?”

“नाही नाही. विहीणबाई, नीट सांगा. ठणका लागलाय, का चमक येतीय, का तिडीक?”

“मला काय ठाऊक त्यांची नावं? आगीवरनं चालल्यागत! मुंग्या म्हणावं तर तांबड्या. त्या पण चावऱ्या!”

“शीर जागी झाली,” अण्णाप्पा म्हणाले. “ओरडा तुम्ही. मोठ्यानं ओरडा.”

मागून गलका ऐकू येत होता. अक्षतानं फोन ओढून घेतला. “अण्णा, आई ओरडताहेत आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय! शेजारचे बघायला आलेत. आई आमच्यावर जाम चिडल्यात!”

“अंगठा?” अण्णाप्पांनी विचारलं. “आधी अंगठ्याचं सांग.”

“आईच सांगतील.”

फोन परत इंदुमतींकडे गेला.

“हलला,” त्या म्हणाल्या. “थोडा. तांदळाच्या दाण्याएवढा.”

“कधी?”

“कळ आली तेव्हा माझ्या तोंडातनं एक शिवी गेली. त्याच वक्ताला हलला.”

“कुठली शिवी?”

इंदुमतींनी आढेवेढे घेतले. मग फोन तोंडाशी धरून, इचलकरंजीच्या खास उच्चारांत, ती शिवी पूर्ण म्हणून दाखवली.

आजवर कुठल्या विहिणीनं व्याह्याला अशी शिवी ऐकवली नसेल. अण्णाप्पांनी ती हात जोडून ऐकली, आणि म्हणाले, “विहीणबाई, पुन्हा एकदा म्हणा.”